नाक्यावरचा हिशेब

लालबहादूर शास्त्री मार्गाने मुलुंड संपेपर्यंत गेलं की ठाण्याची हद्द लागते. त्या जागेला सगळे ‘चेकनाका’ म्हणतात. बसच्या पाटीवर, रिक्षावाल्याच्या तोंडी आणि घरांच्या जाहिरातींत हाच शब्द. मुंबईच्या या टोकावर वर्षानुवर्षं दोन प्रकारचे पैसे वसूल झाले आणि दोन्ही सोडून देण्यात आले. जकात २०१७ साली गेली, मोटारींवरचा टोल २०२४ साली गेला. दोन्ही वेळा टाळ्या वाजल्या. पहिल्या वेळच्या टाळ्या रास्त होत्या. दुसऱ्या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या आणि पावती कुणाच्या नावाने फाटली, याचा छडा लावण्यात या प्रकरणाचा बराचसा भाग खर्ची पडणार आहे.

आधी जकात. शहरात येणाऱ्या मालावरचा हा कर. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द या नाक्यांवर ट्रक थांबायचे, कागद दाखवले जायचे, मालाची किंमत ठरायची, पैसे भरले की गाडी पुढे. रात्री ठाण्याच्या बाजूला ट्रकांची रांग लागायची आणि त्यातले बरेचसे इंजिन चालू ठेवूनच हळूहळू सरकायचे. वस्तूगणिक दर वेगळे होते, पण कोणता माल किती धूर किंवा कचरा करतो याचा त्या दरांशी काही संबंध नव्हता. हा कर शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जायचा. ज्या घराची सगळी कमाई महिनाअखेरपर्यंत खरेदीतच संपते, त्या घराला तो जास्त बोचायचा. म्हणजे गरिबाला जड आणि हवेला वाईट, असा दुहेरी तोट्याचा हा कर होता; पालिकेला मात्र तो दुभत्या म्हशीसारखा. शेवटच्या काही वर्षांत वर्षाला सुमारे ७ हजार कोटी रुपये त्यातून येत. पालिकेच्या उत्पन्नाचा तो सर्वांत मोठा झरा होता.

१ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि जकात बंद पडली. त्याबदल्यात राज्य सरकारने पालिकेला दरमहा भरपाई द्यायची आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची, असा कायदा झाला. पहिला धनादेश सुमारे ६४७ कोटींचा होता. ट्रकांची रांग गेली, डिझेल वाचलं, चिरीमिरीचं एक मोठं दुकान बंद झालं. एक गोष्ट मात्र फारशी बोलली गेली नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हातातला स्वतःचा सर्वांत मोठा कर गेला होता. उद्या या शहराला वाटलं की अमुक घाण करणाऱ्या गोष्टीवर जास्त कर लावू आणि तमुक गरजेच्या गोष्टीवर कमी, तर त्यासाठी लागणारं हत्यारच उरलं नव्हतं. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि पार्किंग एवढंच हाती राहिलं. या तिघांकडे पुढे येऊच.

आता टोल. नव्वदच्या दशकात राज्याने मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने ते बांधले आणि खर्च वसूल करायला शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर टोल बसवला: दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी. २०१० साली वसुलीचं काम एका कंपनीला १६ वर्षांसाठी दिलं गेलं आणि त्यापोटी महामंडळाने २,१०० कोटी रुपये एकरकमी घेतले. ऑक्टोबर २०२३ पासून मोटारीला एका खेपेला ४५ रुपये पडू लागले.

हा टोल लोकांना आवडत नव्हता आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. मुलुंडमध्ये राहून ठाण्याला भाजी आणायला जाणाऱ्याला ४५ रुपये पडत. अंधेरीहून कुलाब्यापर्यंत एकट्याने मोटार हाकत जाणाऱ्याला, वाटेत दोन-चार उड्डाणपूल ओलांडूनही, काहीच पडत नसे. गर्दी होते शहराच्या पोटात आणि पैसे घेतले जात वेशीवर. उड्डाणपुलांचा खर्च कधीच वसूल झाला, मग टोल कशाला, हा प्रश्नही वारंवार विचारला जाई आणि त्याचं समाधानकारक उत्तर मिळत नसे. तेव्हा टोल वाईट पद्धतीने बसवलेला होता, यात वाद नाही. वाद आहे तो औषधाबद्दल.

१४ ऑक्टोबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की त्याच मध्यरात्रीपासून पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. दुसऱ्या दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. सरकारनेच त्या वेळी सांगितलेल्या आकड्यांनुसार या नाक्यांवरून दिवसाला सुमारे साडेतीन लाख वाहनं ये-जा करत होती आणि त्यातली सुमारे २ लाख ८० हजार हलकी होती. प्रत्येकाने ४५ रुपये भरले असं धरलं तर दिवसाला सव्वा कोटी, वर्षाला साधारण ४६० कोटी. मासिक पासवाले कमी भरत, म्हणून खरा आकडा याच्या खाली असणार. पण रक्कम किरकोळ नाही आणि ती हवेत विरलेली नाही. कंत्राटदाराची भरपाई राज्यावर आली. म्हणजे मोटारवाल्याने भरायचे पैसे आता साबणावर आणि बिस्किटांवर कर भरणारे सगळे मिळून भरणार.

त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ९ मे २०२५ ला, बेस्टच्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. वातानुकूलित बसचं ६ वरून १२. भांडुपच्या डोंगरउतारावरून मुलुंडच्या सोसायट्यांत घरकामाला येणाऱ्या बाईने महिन्याचे २६ दिवस जाता-येता बस धरली, तर तिचा खर्च २६० रुपयांनी वाढला. मोटारीतून रोज ठाणे-मुंबई करणाऱ्याचे, पास नसेल तर, महिन्याला दोन हजारांच्या वर वाचले. दोन निर्णय दोन वेगळ्या कार्यालयांत, वेगळ्या कारणांनी झाले. कुणी एका टेबलावर बसून असं ठरवलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त शिकवून जातात. पर्यावरणासाठी आणि गरिबांसाठी कराची जी रचना पुस्तकांत सांगतात, तिचं तंतोतंत उलटं रूप मुंबईत कुणीही न ठरवता उभं राहिलं.

पुस्तकातली मूळ कल्पना साधी आहे. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली ती मांडली. माझ्या मोटारीचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो आणि त्याची किंमत मी मोजत नाही, तर सरकारने ती किंमत करातून माझ्याकडून घ्यावी. पुढच्या पिढीने त्यात भर घातली: त्या पैशातून दुसरा कुठला तरी त्रासदायक कर कमी करा. जर्मनीने १९९९ पासून इंधन आणि वीज महाग केली आणि त्यातून आलेला बराचसा पैसा कामगारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या पेन्शनच्या हप्त्याकडे वळवला. घाणीवर कर वाढला, मेहनतीवरचा कमी झाला. कागदावर फारच सुंदर. पण ज्याला पगाराची चिठ्ठीच मिळत नाही, अशा घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरच्या माणसाला या व्यवहारातून काय मिळणार? आपल्याकडे पैसा परत द्यायचा मार्ग वेगळा शोधावा लागतो. तो मार्ग बहुतेक वेळा बस हाच असतो.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला शहराच्या मध्यभागात मोटारींवर गर्दीशुल्क लावलं, तेव्हा एक शहाणपणा दाखवला. शुल्क सुरू होण्याच्या दिवशीच सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या. वसुलीतून उरलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन कायद्यात घातलं. लोकांनी आधी बस पाहिली, मग पावती पाहिली. आपल्याकडे टोल गेला त्या काळात बेस्टचा ताफा आकसत होता. पंधराएक वर्षांपूर्वी साडेचार हजारांच्या वर असलेल्या बस तीन हजारांच्या खाली आल्या होत्या आणि त्यातल्याही बहुतेक भाड्याने घेतलेल्या.

बेस्टचा हिशेब जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात या शहराचं एक जुनं आणि बरंच न्याय्य अनुदान दडलेलं होतं. बेस्ट वीज विकते ती फक्त शहर भागात, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. उपनगरांत वीज दुसऱ्यांची: अंधेरी-बोरिवलीकडे आधी बीएसईएस, मग रिलायन्स, आता अदानी, काही ग्राहक टाटांचे, मुलुंड-भांडुपला महावितरण. बस मात्र बेस्टची सगळीकडे धावते, थेट दहिसर-मुलुंडच्या पलीकडेही. कित्येक वर्षं विजेच्या धंद्यातला नफा बसची तूट भरून काढत होता. म्हणजे फोर्टातल्या कार्यालयांचं आणि मलबार हिलच्या बंगल्यांचं वीजबिल मुलुंड कॉलनीतल्या बसला हातभार लावत होतं. मोठी वीज वापरणाऱ्याने बसमधल्या माणसाला दिलेलं हे अनुदान कुणी ‘पर्यावरणीय करसुधारणा’ म्हणून आणलं नव्हतं. सोय म्हणून आलं आणि काम नेमकं करत राहिलं. २००३ च्या वीज कायद्यानंतर हे प्रकरण उघड्यावर आलं. बिलावर परिवहनाच्या तुटीसाठी वेगळा आकार दिसू लागला. जो आकार दिसतो त्याला विरोध होतो. ग्राहक भांडले, खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुढे तो आकार बंदच झाला. त्या पैशाची जागा घ्यायला दुसरा झरा कुणी काढला नाही. पालिका अधूनमधून मदत देते; २०२५-२६ च्या सुमारे ७४ हजार कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी १ हजार कोटी होते.

भाड्याचा लोकांवर किती परिणाम होतो, याचा पुरावा याच शहरात आहे. ९ जुलै २०१९ ला बेस्टने किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आणलं. रोजचे प्रवासी २० लाखांच्या घरात होते. काही महिन्यांत ते ३० लाखांच्या आसपास गेले. शेअर रिक्षा सोडून लोक बसमध्ये आले. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलचं एकेरी तिकीट निम्म्यावर आणल्यावरही असाच अनुभव आला. रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांत उभं राहायला जागा मिळेना. मुंबईकर सवयीचा गुलाम आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन प्रसंग लक्षात ठेवावेत. तीन रुपयांसाठी तो सवय बदलतो.

याच शहरात किनारी रस्त्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्यावर टोल नाही. दुचाकी आणि रिक्षाला प्रवेश नाही. बसला आहे, हे मान्य. पण तिथे दर मिनिटाला काय धावतं ते कुणीही जाऊन पाहावं. फुकट वापरायला दिलेला महाग रस्ता हेसुद्धा अनुदानच. फक्त त्याला तो शब्द कुणी लावत नाही. तो शब्द रेशनच्या रॉकेलसाठी राखून ठेवलेला आहे.

रॉकेलची गोष्ट या विषयातली सर्वांत गुंतागुंतीची आणि महाराष्ट्रासाठी सर्वांत दुःखाची आहे. गरिबाच्या स्टोव्हसाठी सरकार रॉकेल स्वस्त देत होतं आणि शेजारीच डिझेल कितीतरी महाग होतं. एकाच टँकरमधला माल रेशन दुकानात पोचवला तर थोडे पैसे आणि डिझेलमध्ये मिसळला तर भरपूर, अशी स्थिती असेल तर तो कुठे जाणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी पेटवून मारलं. तो गुन्हा माफियांचा होता. पण ज्या दोन किमतींच्या दरीवर तो माफिया पोसला गेला, ती दरी धोरणाने खणलेली होती. शिवाय भेसळीचं इंधन जाळणाऱ्या गाड्यांचा धूर पुन्हा रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्याच वाट्याला. गरिबासाठी काढलेलं अनुदान गरिबाच्या फुप्फुसात काजळी होऊन उतरत होतं.

२०१६ पासून रॉकेलचा दर दर महिन्याला, पुढे दर पंधरवड्याला, २५ पैशांनी वाढवत नेला गेला. इतक्या हळू की मोर्चा निघायला निमित्त मिळालं नाही. २०२० पर्यंत अनुदान शून्यावर आलं. त्याच काळात, मे २०१६ पासून, उज्ज्वला योजनेतून गरीब घरांतल्या बायकांच्या नावाने गॅस जोडण्या दिल्या गेल्या. घाणेरडं इंधन महाग करा आणि त्याच वेळी स्वच्छ इंधन दारात आणून ठेवा: हा क्रम बरोबर होता. पुढची पायरी चुकली. २०२० च्या मध्यापासून घरगुती सिलिंडरवरचं अनुदान जवळजवळ बंद झालं आणि उज्ज्वलावाल्यांसाठी ते २०२२ मध्ये पुन्हा आलं तोवर सिलिंडर हजाराच्या घरात गेला होता. जोडणी आहे, सिलिंडर भरायला पैसे नाहीत, अशी घरं देशभर दिसू लागली. उपनगरांतल्या झोपडपट्ट्यांत आणखी एक अडचण. खोली भाड्याची, पत्ता दुसऱ्याच्या नावाचा. मग जोडणीच नाही. असे लोक गल्लीतल्या दुकानातून छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून घेतात. हे बेकायदा आहे, धोक्याचं आहे आणि किलोमागे सोसायटीतल्या सिलिंडरपेक्षा महाग आहे. अनुदानाची यादी पत्त्यावरून बनते तेव्हा ज्याला पक्का पत्ता नाही तो आपोआप बाहेर राहतो.

लाकडाच्या भट्टीवर चालणाऱ्या बेकऱ्यांनाही हाच धडा लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हुकूम हवेच्या दृष्टीने रास्तच होता. पण जुनं फर्निचर आणि भंगार लाकूड जवळपास फुकट जाळणाऱ्या भट्टीला गॅसवर आणायचा खर्च कुणी तरी उचलणार, आणि ज्या शहरात पाव हेच अर्ध्या लोकांचं जेवण आहे तिथे तो कुणाच्या ताटात उतरेल हे उघड आहे. एकदाच द्यायची मदत, भट्टी बदलण्यापुरती, हे या ठिकाणचं योग्य अनुदान ठरलं असतं.

कर कमी करून स्वच्छ इंधन स्वस्त करायचा प्रयत्नही महाराष्ट्राने केला आहे. रिक्षा फक्त उपनगरांत चालतात आणि त्या सीएनजीवर धावतात. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. मुंबईत किलोचा दर ६ रुपयांनी उतरून ६० झाला. अंधेरी स्टेशनबाहेरच्या रांगेतल्या रिक्षावाल्यांना त्याचा आनंद जेमतेम पाच दिवस मिळाला. त्याच १ एप्रिलला केंद्राने ठरवलेली देशी नैसर्गिक वायूची किंमत दुपटीच्या वर गेली होती. सहा तारखेला दर ६७ झाला, आठवडाभरात ७२. राज्याने सोडलेला महसूल दोन आठवड्यांत विहिरीच्या तोंडाशीच संपला. करात सूट देणं सोपं असतं, पण किमतीची दोरी दुसऱ्याच्या हातात असेल तर ती सूट कुठे जिरते ते आधी पाहावं लागतं.

आता कोळसा. याचा बोरिवलीशी काय संबंध, असं वाटेल. पण पश्चिम उपनगरांची बरीच वीज गेली तीसेक वर्षं डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातून येत आहे. २०१० च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर टनाला ५० रुपयांचा उपकर लावला. हेतू स्वच्छ ऊर्जेचा निधी उभारण्याचा. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. एक युनिट विजेला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे युनिटमागे सुमारे पाव रुपया. पिगूसाहेबांना आवडावा असा हा कर. पण २०१७-१८ पर्यंत त्यातून जमलेल्या सुमारे ८६ हजार कोटींपैकी स्वच्छ ऊर्जा निधीत गेले साडेएकोणतीस हजार कोटी आणि प्रत्यक्ष प्रकल्पांपर्यंत पोचले सुमारे १६ हजार कोटी. बाकीचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेला. २०१७ साली तर उपकराचं नावच बदललं. वस्तू आणि सेवा करामुळे राज्यांचं जे नुकसान होईल त्याची भरपाई करणाऱ्या उपकरात तो विलीन झाला. महाराष्ट्राच्या त्या नुकसानीत जकातही मोजली गेली होती. स्वच्छ विजेसाठी बसवलेला कर अशा रीतीने गेलेल्या जकातीची भरपाई करायला लागला. २०२५ च्या सप्टेंबरात तो उपकरही गेला आणि कोळशावरचा वस्तू आणि सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला.

पैसा कुठून आला आणि कुठे गेला यातला धागा तुटला की लोकांच्या लेखी तो फक्त आणखी एक कर उरतो. पेट्रोलचं तेच झालं. केंद्राचं उत्पादन शुल्क २०१४ मध्ये लिटरला साडेनऊ रुपयांच्या आत होतं, मे २०२० मध्ये ३३ रुपयांच्या जवळ पोचलं, नंतर उतरून २० च्या आसपास आलं. त्यावर राज्याचा व्हॅट, आणि मुंबई-ठाण्यात तो २०२४ पर्यंत उर्वरित राज्यापेक्षा चढा होता. युरोपातला एखादा देश याला अभिमानाने ‘कार्बन कर’ म्हणाला असता. आपल्याकडे त्याची ओळख ‘महागाई’ एवढीच राहिली, कारण त्यातला एक रुपयाही अमुक बससाठी किंवा तमुक घरासाठी आला असं कुणाला दाखवता आलं नाही. इंडोनेशियाने २००५ साली इंधनाचे दर वाढवताना गरीब घरांना थेट रोख रक्कम दिली. इक्वेडोरने २०१९ मध्ये अनुदान एका फटक्यात काढलं. देश पेटला आणि दोन आठवड्यांत हुकूम मागे घ्यावा लागला.

महाराष्ट्राकडे रोख रक्कम पोचवणारी नळी आज तयार आहे. २०२४ च्या जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजनेतून दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जाऊ लागले. या योजनेवर हवी तेवढी टीका करा, मीही करतो. पण इंधनावरचा किंवा गर्दीवरचा कर गरिबांना परत द्यायचा तर ‘पोचवणार कसं?’ हा प्रश्न आता उरलेला नाही. त्या नळीत जे पाणी सोडलं आहे ते मात्र कर्जाचं आणि इतर खात्यांतून उचललेलं. टोलमाफी आणि लाडकी बहीण एकाच निवडणुकीच्या वर्षात जन्मल्या. एकीने पैसे सोडले, दुसरीने वाटले, आणि दोघींची भेटच झाली नाही.

पालिकेच्या हाती उरलेल्या तीन हत्यारांपैकी पार्किंगबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. उपनगरांतल्या बहुतेक रस्त्यांवर मोटार रात्रभर उभी करायला शून्य रुपये पडतात आणि त्याच रस्त्यावर भाजीची गाडी लावणाऱ्याला रोज पळावं लागतं, एवढं पुरे. पाण्याचंही थोडक्यात. ज्याच्या घरी नळ त्याला हजार लिटर काही रुपयांत, ज्याच्या घरी नळ नाही तो हंड्याने किंवा टँकरने घेतो आणि कितीतरी पट मोजतो. २०१४ साली उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपडीलाही पाणी द्या असं सांगितलं. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. पाण्यावरचं अनुदान आहेच. ते नळाच्या लांबीइतकंच पोचतं.

मालमत्ता कराकडे मात्र नीट पाहायला हवं. तिथे कचऱ्याचा प्रश्न येतो आणि आपल्याला सर्वांत जास्त वाव तिथेच आहे. ओला कचरा आवारातच जिरवणाऱ्या, सुका वेगळा देणाऱ्या, सांडपाणी पुन्हा वापरणाऱ्या सोसायट्यांना पालिकेने मालमत्ता करात प्रत्येकी ५ टक्के, म्हणजे एकूण १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ केली. चांगली योजना. पण जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करच माफ झाला, आणि तोही गरजेचाच निर्णय होता. आता या दोन चांगल्या निर्णयांची बेरीज करून पाहा. बोरिवलीच्या जुन्या म्हाडा वसाहतीतले छोट्या घरांचे लोक गांडूळखताचा खड्डा करून बसले तर त्यांना सूट कशात मिळणार? भरायचा करच नाही. सवलत मिळणार ती फक्त मोठ्या घरांच्या संकुलांना. झोपडपट्टी तर या व्यवहारात धरलेलीच नाही.

मुलुंडच्या हरिओम नगरालगतचं डम्पिंग ग्राउंड १९६७ पासून चालू होतं. ते २०१८ मध्ये बंद झालं. त्यानंतर शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला आणि देवनारला जातो, आणि वास विक्रोळी-गोवंडीत राहतो. एप्रिल २०२५ मध्ये पालिकेने नव्या उपविधींचा मसुदा काढला. त्यात कचऱ्यासाठी शुल्क सुचवलं: ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, त्यावर ३०० चौरस मीटरपर्यंत ५००, त्याहून मोठ्याला १ हजार. आरडाओरडा झाला, आणि तो बहुतेक शुल्काच्या विरोधात होता. माझी तक्रार शुल्काबद्दल नाही, मोजपट्टीबद्दल आहे. घर मोजलं, कचरा मोजला नाही. जो सगळं एकाच पिशवीत भरून फेकतो आणि जो तीन डबे ठेवतो, दोघांना तेच शंभर रुपये. दक्षिण कोरियाने १९९५ पासून ठराविक पिशव्या विकत घेऊनच कचरा टाकायची सक्ती केली. जितक्या पिशव्या तितके पैसे, आणि वेगळा केलेला पुनर्वापराचा माल फुकट. लोकांनी वेगळा करायला सुरुवात केली ती नागरिकशास्त्राच्या धड्यामुळे नाही.

गरिबांच्या बाजूने पाहायचं तर कोरियाला जायचीही गरज नाही, पुणं पुरे. तिथे १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली आणि २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. वेचक बाई घरोघर जाऊन कचरा घेते, घर तिला महिन्याचं शुल्क देतं, सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे तिचे. तीन हजारांवर वेचकांचा संसार यावर चालतो आणि तेवढा माल डेपोवर जायचा वाचतो. वापरणाऱ्याकडून शुल्क, निसर्गाला फायदा, पैसा गरिबाच्या हातात: या प्रकरणाचा विषय एवढ्या स्वच्छ रूपात मला महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. करारांच्या मुदती, ठेकेदारांची स्पर्धा, शुल्क द्यायला कुरकुरणारे सदनिकाधारक हे सगळं तिथेही आहे. मुंबईतही ज्योती म्हापसेकर यांच्या स्त्री मुक्ती संघटनेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ‘परिसर विकास’ उपक्रमात पूर्व उपनगरांतल्या वेचक बायकांना संघटित केलं, प्रशिक्षण दिलं. माणसं आहेत, अनुभव आहे.

मग पालिकेच्या त्या कचराशुल्काच्या मसुद्यात काय बदलायला हवं? शुल्क वेगळा न केलेल्या कचऱ्यावर लावा, चटईक्षेत्रावर नको. वेगळा करून देणाऱ्या घराला, मग ते तीनशे फुटांचं असो की तीन हजार फुटांचं, पूर्ण माफी द्या. छोट्या घराला मालमत्ता करात जी सूट मिळू शकत नाही ती इथे मिळेल. आणि जमलेल्या पैशातला ठरलेला वाटा पालिकेच्या तिजोरीत न जाता वॉर्डातल्या वेचकांच्या संस्थेला थेट मिळावा, पावतीवर तो आकडा छापून.